रात्री अकराची भूक

वाचकहो, या महिन्याचा पाठ एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. जो मनुष्य सकाळी, दुपारी आणि सायंकाळी ठरलेला आहार न कुरकुरता पाळतो, तोच रात्री अकरा वाजता दिवा न लावता स्वयंपाकघरात का जातो? आणि गेलाच, तर दुसऱ्या दिवशी त्याने काय करावे?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. आम्ही उभयता इंदूरला राजवाड्याच्या आसपास राहतो. आमच्यापैकी एकास मधुमेह आहे. थोरल्या बंधूंचा पाय याच आजाराने गेला, तो दिवस आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सांगितले, की बारा आठवडे नेहमीचे जेवण बंद ठेवून त्याऐवजी पावडरीचे शेक घ्या, वजन उतरले तर गोळ्याही कमी होतील, तेव्हा आम्ही तत्काळ होकार दिला. दुसऱ्यानेही सोबत म्हणून रात्रीच्या जेवणाऐवजी शेक घेण्याचे ठरवले. सोळा दिवस उत्तम गेले. सतराव्या रात्री मधुमेह असलेला आमच्यातला गडी फ्रिजसमोर उभ्याउभ्याने दोन पोळ्या साखरांब्याशी आणि वर वाटीभर शेव खाऊन झोपला.

खरी हानी झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. "आता मोडलेच आहे," असे म्हणून त्याने पोहे-जिलेबी मागवली आणि पुढचे चार दिवस पावडरीचा डबा उघडलाच नाही. दोन पोळ्यांनी जे मोडले नसते ते त्या एका वाक्याने मोडले. नियम रात्री वाकतो, पण तुटतो तो सकाळी. एवढेच या पाठात शिकायचे आहे. बाकीचे सर्व त्याच्या स्पष्टीकरणासाठी.

१. हा आहार म्हणजे काय?

जेवणाऐवजी मोजून दिलेले पेय घ्यायचे ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत १९५९ साली 'मेट्रेकल' नावाचे असे पेय बाजारात आले. दिवसाला चार पेले, एकूण ९०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, असा त्याचा हिशेब होता. पुढे १९७६-७७ च्या सुमारास जनावरांच्या कातड्यातून काढलेल्या हलक्या प्रतीच्या प्रथिनांचे एक द्रव तेथे फार खपले. त्यात शरीराला लागणारी सर्व प्रथिने आणि खनिजे नव्हती. ते घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० जणांच्या मृत्यूंची नोंद झाली, आणि त्यांतील अनेकांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. व्यायामशाळेत मिळणारी प्रथिनांची पावडर आणि संपूर्ण जेवणाच्या जागी घ्यायची पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीत प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे ठरल्या प्रमाणात घातलेली असतात.

या आहाराचा उत्तम पुरावा ब्रिटनमधून आला. स्कॉटलंड व इंग्लंडच्या टाइनसाइड भागात 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली. प्रा. रॉय टेलर व प्रा. मायकेल लीन हे तिचे प्रमुख होते. तीत ३०६ मधुमेही रुग्ण होते. सर्वांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि कोणीही इन्शुलिन घेत नव्हते. त्यांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला केवळ ८२५ ते ८५३ उष्मांकांचे शेक व सूप देण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांत हळूहळू जेवण सुरू केले आणि पुढे दरमहा भेट ठेवली. २०१७ साली एक वर्षाचा निष्कर्ष आला. या गटातील ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनी ते ३६ टक्क्यांवर आले. पुढे ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला, त्यांच्यापैकी पाच वर्षांनी १३ टक्के तसे राहिले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. लाभ खरा आहे, आणि तो टिकवणे कठीण आहे हेही तितकेच खरे आहे.

२. भूक रात्रीच का लागते?

आपण सहसा याचे उत्तर एका शब्दात देतो: मन कच्चे आहे. अभ्यास मात्र वेगळे सांगतो.

*पहिले कारण : शरीराचे घड्याळ.* २०१३ साली अमेरिकेतील फ्रँक शीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना मंद प्रकाशात, बाहेरच्या दिवसरात्रीचा पत्ता लागू न देता ठेवले आणि त्यांची भूक वारंवार नोंदवली. भूक शरीराच्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत अधिक आढळली. गोड, पिठूळ आणि खारट पदार्थांची ओढही संध्याकाळी वाढत होती. म्हणजे साखरांबा, पोळी आणि शेव, तिन्ही! सकाळी शेक घेऊन 'हे तर सोपे आहे' असे वाटते, तेव्हा तो निश्चयाचा पराक्रम नसतो. त्या वेळी भूकच झोपलेली असते.

*दुसरे कारण : उपासाचा हिशेब.* दिवसभर कमी खाल्लेले शरीर अन्नाचा विचार सोडत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसल कीज यांनी ३६ तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार देणारे होते. त्यांतील बरेच ब्रदरन, क्वेकर व मेनोनाइट मंडळ्यांचे होते. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना पुन्हा कसे पोसावे हे कळावे, यासाठी त्यांनी स्वेच्छेने हे सोसले. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. तत्त्वासाठी सरकारला 'नाही' म्हणणारी ही माणसे पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली, एका जेवणावर तास तास घालवू लागली, ताटे चाटू लागली. त्यांच्या निश्चयाबद्दल कोण शंका घेईल? मग आपण एका रात्रीच्या शेवेवरून स्वतःस हलके का लेखावे?

*तिसरे कारण : अपुरी झोप.* २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले. दहा तास झोपू दिलेल्या रात्रींच्या तुलनेत तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के कमी झाले, आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्के वाढले. जागरण करणारा माणूस मिठाईच्या दुकानासमोर हात बांधून उभा असतो असे समजावे.

आमच्या गावात तर चौथे कारणही आहे. सराफ्यातील सोन्याचांदीची दुकाने रात्री मिटली, की त्यांच्याच दारांपुढे खाण्याचा बाजार भरतो. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू, रबडी, थाळीएवढे जलेबे. आपल्या गावी सराफा नसेल, पण दूरदर्शन संचासमोरची फरसाणाची बशी सर्वत्रच आहे.

३. कोणती भूक आहे ते ओळखा

रात्री उठून स्वयंपाकघराकडे निघण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे: ही भूक कोणत्या जातीची आहे?

(अ) *धोक्याची भूक.* इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटून भूक लागली, तर साखर एकदम उतरलेली असू शकते. येथे नियम पाळत बसू नये. साखर मोजता आली तर मोजावी. ती ७० च्या खाली असली किंवा मोजण्याचे साधन जवळ नसले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि सकाळी डॉक्टरांना कळवावे. ही साखर म्हणजे औषध आहे. तिला नियमभंग म्हणू नये.

(आ) *पोटाची भूक.* ती हळूहळू वाढते आणि साध्या अन्नानेही भागते. दिवसातला एखादा शेक चुकला असेल, तर ती येणारच.

(इ) *मनाची किंवा सवयीची भूक.* ती एकाएकी येते आणि एकच पदार्थ मागते. काकडी दिली तर नको म्हणते. कंटाळा, काळजी, एकटेपण, किंवा भांडण झाल्यावरची शांतता, यांपैकी काहीतरी तिच्यामागे बहुधा असते.

(ई) *आजाराची भूक.* अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ साली रात्रीच्या खाण्याचा एक विकार वर्णन केला. दिवसाच्या आहाराचा चौथा हिस्सा किंवा अधिक रात्रीच्या जेवणानंतर जात असेल, किंवा आठवड्यातून दोनदा तरी झोपेतून उठून खावे लागत असेल, आणि हे महिनोन्महिने चालत असेल, तर लाजू नये व लपवू नये. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांशी बोलावे.

घरातील स्त्रियांची आणखी एक भूक आहे, जिला भूक म्हणता येत नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात आणि डब्यातली अर्धी पोळी ती 'अन्न टाकवत नाही' म्हणून खाते. आमच्या घरात हे वर्षानुवर्षे चालले होते, आणि शेक सुरू केल्यावरच ध्यानात आले. उरलेले अन्न पोटात टाकल्याने वाचत नाही. ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात घरातील इतरांना चालतो. आणि उद्यापासून मापाने शिजवावे.

४. रात्रीची तरतूद दिवसा करावी

दिवाळीचा खर्च दिवाळीच्या दिवशी उभा राहत नाही. तसेच रात्री अकराचे बळ रात्री अकराला मिळत नाही. ते दिवसा साठवावे लागते. आम्हांस उपयोगी पडलेल्या गोष्टी येथे देतो.

एक, दिवसाचा एकही शेक चुकवू नये. दुपारचा वाचवला म्हणजे लवकर वजन उतरेल हा भ्रम आहे; रात्री त्याची दामदुपटीने वसुली होते.

दोन, दिवसाच्या ठरलेल्या शेकांपैकी एक रात्रीसाठी राखावा. घरातील मंडळी जेवायला बसली, की आपणही आपला पेला घेऊन बसावे. गरम सूपचा प्रकार असेल तर फारच चांगले, कारण गरम पदार्थ सावकाश पोटात जातो. ताट नसले तरी पंगत सोडू नये.

तीन, चावायला काही नाही ही मोठी तक्रार असते. प्रा. टेलर यांच्या न्यूकॅसल येथील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या लहान अभ्यासात शेकबरोबर पिष्ट नसलेल्या भाज्या दिल्या होत्या. आपल्या डॉक्टरांची परवानगी असेल तर काकडी, मुळा, टोमॅटो किंवा कोबीची पचडी, तेल व दाण्याचे कूट न घालता, रात्रीसाठी ठेवावी.

चार, शेवेचा डबा. पन्नास ग्रॅम शेवेत सुमारे पावणेतीनशे उष्मांक असतात, म्हणजे एका शेकपेक्षा अधिक. तो डबा डोळ्यांसमोर असू नये. आम्ही बारा आठवडे तो भरलाच नाही. मुलांनी दोन दिवस तक्रार केली, तिसऱ्या दिवशी विसरली.

पाच, शेवटचा पेला झाला की दात घासावेत आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवावा. लहान गोष्ट आहे, पण 'आजचे खाणे संपले' असे शरीराला सांगण्याची ती खूण होते.

सहा, शतपावली. आपल्या वाडवडिलांची ही सवय येथे फार कामाची आहे. आम्ही फक्त रस्ता बदलला; सराफ्याकडे पाठ करून चालतो.

सात, साडेदहाला अंथरुणावर. अकराची भूक झोपेत निघून जाते.

पाणी भरपूर प्यावे. या आहारात बद्धकोष्ठ, डोकेदुखी, थंडी वाजणे, उठताना चक्कर येणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावेत.

५. उत्साह ओसरतो तेव्हा

पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो. त्यात बराच भाग पाण्याचा असतो, कारण शरीरातील साठवलेली साखर खर्च होते आणि तिने धरून ठेवलेले पाणीही जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा मंदावतो आणि मन म्हणते, 'आता उपयोग होत नाही.' वास्तविक चरबी उतरण्याचे काम तेव्हाही चालू असते. म्हणून रोज काट्यावर चढू नये. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी वजन करावे. त्याबरोबर कमरेचे माप, उपाशीपोटीची साखर, जिना चढताना लागणारी धाप यांचीही नोंद ठेवावी. काटा थांबला तरी यांपैकी काहीतरी पुढे सरकलेले दिसते.

हेतू जवळचा असावा. 'निरोगी व्हायचे आहे' हा हेतू रात्री अकराला फार दूर असतो. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. त्यावर बंधूंच्या पायाविषयी एकच ओळ लिहिली आहे. ती भीती दाखवण्यासाठी नाही. आपण हे कशासाठी करतो ते त्या क्षणी वाचता यावे, म्हणून आहे.

एकट्याने करू नये. सतराव्या रात्रीची गोष्ट आमच्यातल्या एकाने दुसऱ्यापासून चार दिवस लपवली. सांगितली तेव्हा उत्तर मिळाले, "मग आज रात्रीचा शेक घेणार ना?" एवढेच. ना बोलणी, ना उपदेश. त्या एका प्रश्नाने बाविसाव्या दिवसाची सुरुवात झाली. ज्यांच्या घरी असा आहार चालू आहे त्यांनी पहारेकरी होऊ नये, सोबती व्हावे. आणि पाहुण्यास आग्रह करण्याची आपली रीत आहे, तेव्हा जेवणाच्या आमंत्रणाला जाण्यापूर्वीच यजमानीणबाईंना फोन करून सांगावे. ताटावर बसून 'नको' म्हणण्यापेक्षा ते दोघांनाही सोपे जाते.

घसरल्यावरचा नियम आम्ही असा केला: रात्री काहीही झालेले असो, सकाळचा शेक वेळेवर. भरपाई म्हणून उपास नाही आणि शिक्षाही नाही. 'डायरेक्ट' चाचणीतही घसरणे गृहीतच धरले होते. वजन २ किलोहून अधिक परत चढले, तर चार आठवडे एखाद्या जेवणाच्या जागी पुन्हा शेक. ४ किलोहून अधिक चढले, तर चार आठवडे पुन्हा संपूर्ण शेक, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती. परतीची वाट ज्याने आधी आखली आहे, तो घसरला तरी हरवत नाही.

६. घरच्या ताटाकडे परत

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील दूरदर्शन-निवेदिका ऑप्रा विन्फ्री यांनी अशाच पेयांवर सुमारे ३० किलो वजन उतरवले आणि तेवढ्या चरबीची गाडी ओढत त्या कार्यक्रमात आल्या. ते वजन पुढे परत आले, आणि हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले. याचे एक कारण २०११ साली मेलबर्न येथील अभ्यासातून पुढे आले. ५० जणांना दहा आठवडे असा आहार देऊन वजन उतरवले, आणि वर्षभरानंतर पाहिले तरी भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांचा जोर ओसरलेला नव्हता. शरीर गमावलेले वजन परत मागतच राहते.

म्हणून शेक संपले म्हणजे परीक्षा संपली असे नाही. जेवण एकाएकी सुरू करू नये. आम्ही प्रथम दुपारचे जेवण आणले: एक भाकरी, मोठी वाटी भाजी, घट्ट वरण किंवा उसळ, कोशिंबीर. दोन आठवड्यांनी सकाळचा नाश्ता. रात्रीचे जेवण सर्वांत शेवटी आणले आणि ते आठच्या आत ठेवले.

आमचा हिशेब सांगून टाकतो. बारा आठवड्यांत ९ किलो उतरले. दोन गोळ्यांची एक झाली. पुढच्या वर्षी लग्नसराईत ३ किलो परत चढले, तेव्हा चार आठवडे रात्रीचा शेक पुन्हा सुरू केला. पूर्ण विजय नाही. पण पाय शाबूत आहेत आणि रोज शतपावलीला निघतात.

*सावधगिरी.* हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांत पहिल्याच दिवसापासून बदल करावा लागतो. विशेषतः ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्यांविषयी आधी विचारावे. अशा आहारात त्या धोकादायक ठरू शकतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, मुले, मूत्रपिंडाचा विकार असलेले, आणि खाण्यासंबंधीचा मानसिक विकार असलेले किंवा पूर्वी झालेले, यांनी हा मार्ग आपल्या मनाने धरू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात रात्री नऊनंतर आपण काय खाल्ले? ती चार प्रकारांपैकी कोणती भूक होती?

२. आपल्या घरात उरलेले अन्न शेवटी कोणाच्या पोटात जाते? त्यासाठी कुटुंब काय बदलू शकेल?

३. घरातील कोणी पथ्य मोडले, तर आपण प्रथम कोणते वाक्य बोलतो? त्याऐवजी कोणते बोलता येईल?

४. आपल्या मंडळीच्या चहापानात आणि स्नेहभोजनात मधुमेही बंधुभगिनींना संकोच न वाटता घेता येईल असे काय ठेवता येईल?

या आठवड्यासाठी कृती : एका कागदावर दोनच ओळी लिहून फ्रिजवर लावाव्यात. पहिली, 'मी हे कशासाठी करतो' किंवा 'करते'. दुसरी, 'काल काहीही झाले असो, आज सकाळचे वेळेवर.'